बॉल पायथन: खाणं, पचन आणि विष्ठेची वही कशी ठेवायची? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आपल्या भागात बॉल पायथन (आफ्रिकेतला अजगर) पाळणारे आता बरेच झालेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "खात नाहीये, काय करू?" उत्तर द्यायला चार गोष्टी लागतात. शेवटचं कधी खाल्लं, किती ग्रॅमचं खाल्लं, त्यानंतर विष्ठा कधी झाली आणि उबेच्या बाजूचं तापमान किती. विचारलं की पहिल्याचं उत्तर अंदाजे येतं, बाकी तिन्हींना "बघावं लागेल". म्हणून हा धागा फक्त नोंदींचा.

मोबाईलमधली अ‍ॅपं ठीक आहेत, पण टाकीशेजारी दोरीने बांधलेली शंभर पानी वही जास्त चालते, कारण घरातलं कुणीही तिच्यात लिहू शकतं. एक ओळ अशी असावी (आकडे नमुन्यादाखल):

४ जाने. | ६१२ ग्रॅ. (उपाशी) | उंदीर ४३ ग्रॅ., गोठवलेला | ऊब ३२ / गार २६ | लगेच घेतला
१३ जाने. | फक्त युरेट (घट्ट लघवी), पांढरा
१९ जाने. | विष्ठा + युरेट, घट्ट, केस दिसतात | ५९८ ग्रॅ.
१९ जाने. | डोळे निळसर (कात येतेय), आज खाणं नाही

वजन कायम खाऊ घालण्याआधी, पोट रिकामं असताना करायचं. स्वयंपाकघरातला १ ग्रॅम अचूकतेचा, ५ किलोपर्यंतचा काटा पुरतो. झाकणाचा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, मग साप डब्यात. भरल्या पोटीचं आणि विष्ठेनंतरचं वजन शेजारी ठेवून "वजन घटलं" म्हणून घाबरणारे लोक फार. पोटातला माल बाहेर पडला की काटा खाली येणारच. तुलना करायची ती उपाशी वजनाची उपाशी वजनाशी.

खाण्याचं माप: ५०० ग्रॅमपर्यंतच्या पिल्लाला शरीराच्या १० ते १५ टक्के, दर ७ ते १० दिवसांनी. त्यापुढे ५ ते ७ टक्के, १४ दिवसांनी. पूर्ण वाढलेल्याला ३ ते ४ आठवड्यांनी एकदा. काटा नसेल तर उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून जास्त नको.

---

संपादक

कायद्याचं इथेच सांगून ठेवतो, म्हणजे खाली फाटे फुटणार नाहीत. धामण, नाग, अजगर, दिवड, कवड्या, कोणताही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. "सापडला, जखमी होता" ही सबब चालत नाही, वनविभागाला कळवायचं. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्याची पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवायचं असतं. धाग्यात देशी साप पाळण्याबद्दलचे प्रश्न उडवले जातील.

---

अजिंक्यतारा

वही उत्तम, पण तापमानाचा रकाना पहिला हवा, चौथा नाही. साप स्वतःची ऊब तयार करत नाही, पचन बाहेरून मिळालेल्या उष्णतेवर चालतं. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोली १५-१६ अंशांवर येते. त्या रात्री टाकीखालची हीट मॅट बंद पडली आणि पोटात कालचा उंदीर असेल तर तो पचायच्या आधी सडायला लागतो.

आत काय घडतं ते माहीत असलं की याचं गांभीर्य कळतं. बर्मी अजगरावर झालेल्या प्रयोगांत दिसलंय की उपाशी असताना जठर जवळजवळ उदासीन असतं, पीएच ७ च्या आसपास. गिळल्यावर एक-दोन दिवसांत तो २ च्या खाली उतरतो. आतड्याचं वजन दुप्पट होतं, हृदयाचा स्नायू दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, चयापचय कित्येक पटींनी चढतं. पचन आटोपलं की सगळं परत आकसतं. म्हणजे प्रत्येक जेवणाला कारखाना नव्याने उभा करायचा आणि हंगाम संपला की बंद करायचा, आपल्या साखर कारखान्यासारखं. बॉल पायथनचं तंत्र त्याच घराण्यातलं. मधेच ऊब गेली तर गाळप अर्धवट राहतं.

आकडे: उबेच्या बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३, गार बाजू २५ ते २७, रात्रीही २४ च्या खाली नको. दोन्ही बाजूंना लपायला खोपटं हवं. एकाच बाजूला ठेवलंत तर साप ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडतो आणि बहुधा सुरक्षितता निवडून गारठत बसतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि टाकीच्या तळाच्या मध्ये चिकटपट्टीने पक्का करा. आत मोकळा सोडला तर साप ढकलतो, प्रोब हवेत लटकतो, त्याला गार लागतं आणि मॅट तापतच राहते. पोटाचे खवले भाजतात ते असे. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला तरी तोच प्रकार. काचेवर चिकटवलेला गोल डायल थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, तेही चार-पाच अंश इकडेतिकडे. इन्फ्रारेड गन (दुरून तापमान मोजणारं यंत्र) घ्या आणि साप बसतो त्या जागेचं तापमान बघा.

---

हळदबाजार

+१. उन्हाळ्याचं उलटं पण लिहा कुणीतरी. सांगलीत एप्रिल-मेला दुपारी ३९-४० लागतं. पत्र्याखालच्या खोलीत गार बाजूच उरत नाही. तेव्हा मॅट बंद करून भागत नाही, टाकी खालच्या मजल्यावर आणावी लागते. ३५ च्या वर पूर्ण टाकी गेली की साप खाणं सोडतो, भांड्यात जाऊन बसतो. लोक म्हणतात "पाण्यात खेळतोय"! खेळत नाही, उकडतंय त्याला. (भांड्यात बसण्याचं दुसरं कारण गोचीड-माइट. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके बघा.)

आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट टाकीवर नको.

---

नवखा_मिरज

नर आहे, साडेतीन वर्षांचा. नोव्हेंबरअखेरपासून ९ आठवडे काही घेतलं नाही. तेव्हा १४८०, आज १४५२. ऊब ३२, गार २६, थर्मोस्टॅट आहे. रात्री टाकीत फेऱ्या मारतो. दर ४ दिवसांनी उंदीर दाखवतोय. डॉक्टरकडे न्यावं का?

---

कृष्णाकाठ

हे बघा, आकडे दिले की उत्तर दोन ओळींत होतं. २८ ग्रॅम म्हणजे २ टक्क्यांच्याही आत. वयात आलेला नर, हिवाळा, रात्री हिंडणं: हे विणीच्या हंगामाचं लक्षण आहे. असे नर महिनोन्‌महिने खात नाहीत आणि धडधाकट राहतात. दर चार दिवसांनी दाखवणं मात्र थांबवा. दर वेळी नाकासमोर चिमटा नाचवला की त्याला चिमट्याचीच भीती बसते. १४ दिवसांतून एकदा दाखवा, १५-२० मिनिटं थांबा, नाही घेतलं तर काढून टाका.

डॉक्टर कधी: उपाशी वजनात १० टक्के घट (तुमच्या बाबतीत १३३० च्या आसपास), किंवा त्याआधीही तोंडातून फेस-चिकटा, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, मान वर करून ताऱ्यांकडे पाहिल्यासारखं धरणं, पाठीचा कणा वर आलेला दिसणं. पिल्लाला मात्र ही सवलत नाही. २०० ग्रॅमच्या आतलं पिल्लू तीन-चार वेळा नाही म्हणालं तरी तापमान, लपण आणि वजन त्याच दिवशी तपासा.

---

वारणाकाठची

गोठवलेल्या उंदराबद्दल, कारण निम्मे नकार तिथेच तयार होतात.

आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. सकाळी झिप पिशवीत घालून साध्या पाण्यात अर्धा तास. मग खाऊ घालायच्या आधी १०-१५ मिनिटं ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात, पिशवीसकट. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचा उष्णता ओळखतात, त्यामुळे उंदराचं डोकं ३७-३८ अंशांवर हवं. गन डोक्यावर मारून बघा. पोट दाबून बघायचं. मधे खडा लागला तर अजून बर्फ आहे, परत पाण्यात. आत गोठलेला उंदीर गेला की साप ओकतो.

मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि पोट फुटतं. उकळतं पाणीही नको, कातडी सुटते. ओला उंदीर टिश्यूने पुसा, नाहीतर बेडिंग चिकटून आत जातं. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. सापाने नाकारला तर कचऱ्यात, जीव कितीही तुटला तरी.

घरात सापळ्यात सापडलेला किंवा उसाच्या रानातला उंदीर अजिबात नको. त्याने झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनसारखं उंदीरनाशक खाल्लेलं नाही याची हमी कुणी देणार नाही, आणि जंतही फुकट मिळतात. पोल्ट्रीतली एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात हे खरं, पण त्यांवर विष्ठा पातळ आणि भयंकर वासाची होते, मग वहीत "पातळ" लिहून त्याचा अर्थच लावता येत नाही. शिवाय पिल्लावर लागलेला साप परत उंदराकडे वळवताना घाम निघतो.

---

सह्याद्रीचा_कडा

जिवंत दिला तर लगेच घेतो की. एवढा खटाटोप कशाला?

---

वारणाकाठची

घेतो, आणि न घेतल्यास उंदीर सापाला घेतो. उंदराचे पुढचे दात सापाच्या पाठीत हाडापर्यंत जातात. उपाशी मोठा उंदीर रात्रभर टाकीत ठेवलेल्या सापांच्या जखमा डॉक्टरांना नव्या नाहीत. गोठवलेल्याचा दुसरा फायदा वहीचा: ४३ ग्रॅम म्हणजे ४३ ग्रॅम, आणि चोवीस तासांत कधीही देता येतो.

---

सह्याद्रीचा_कडा

बरं. आणि वेगळ्या डब्यात खाऊ घालावं ना? टाकीत दिलं की हात घातल्यावर चावतो म्हणतात.

---

अजिंक्यतारा

हे जुनं खूळ आहे. डब्यात खाऊन परत टाकीत उचलून ठेवणं म्हणजे भरल्या पोटाच्या सापाला हाताळणं, जे आपण ४८ तास टाळायचं म्हणतो. मोठा घास असेल तर ७२ तास. हात घालण्याआधी साप हाताळायच्या हुकने पाठीला हलकं टेकवा, त्याला "जेवण नाही" हे कळतं. हाताला उंदराचा वास नको, एवढंच. ३० सेंटिमीटरचा चिमटा वापरा.

---

खुर्दबीन

आता माझ्या आवडीचा विषय, ज्यावर सगळे नाक मुरडून पुढे जातात.

सापाच्या एका "खेपेत" तीन गोष्टी असतात. गडद तपकिरी ते काळपट विष्ठा, तिच्यात उंदराचे केस आणि क्वचित दात. त्याशेजारी पांढरा ते फिकट पिवळसर खडूसारखा गोळा, तो युरेट, म्हणजे सापाची घट्ट लघवी. आणि थोडं पाणी. युरेट एकटाही पडतो, बऱ्याचदा विष्ठेच्या आधी. वहीत दोन्ही वेगळे लिहा. नुसता युरेट पडला आणि तुम्ही "शी झाली" लिहिलंत तर बद्धकोष्ठ महिनाभर लपून राहील.

किती दिवसांनी? बॉल पायथन सावकाश. एका जेवणानंतर १ ते ४ आठवडे सर्रास, आणि दोन-तीन जेवणांचा माल एकदम काढणंही नेहमीचं. कॉर्न स्नेक याच्या उलट, ३ ते ७ दिवसांत मोकळा. त्यामुळे दुसऱ्याच्या सापाशी तुलना करू नका, स्वतःच्या सापाच्या आधीच्या पाच-सहा खेपांशी करा.

काय पाहायचं:
युरेट कडक, नारिंगी-पिवळा, दगडासारखा: पाणी कमी पडतंय. एप्रिलमध्ये इथली हवा दुपारी इतकी कोरडी होते की भांडं भरलेलं असूनही टाकीतली आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. ५५ ते ७० हवी, कात टाकताना ७० च्या पुढे. कात तुकड्यांत निघाली तर तेही याच रकान्यात लिहा.
युरेट हिरवा: लांबच्या उपासात दिसू शकतो. खाता-पिता साप सतत हिरवा काढत असेल तर यकृताकडे बघायला हवं.
पातळ, शेंबडासारखी, लाल रेघ असलेली किंवा नेहमीपेक्षा कुजका वास: नमुना घ्या.
विष्ठेत उंदराचा आकार ओळखू येतोय: पचन झालेलंच नाही, ऊब तपासा.

म्हणून टाकीत वर्तमानपत्र अंथरा. पुढारी असो की सकाळ, सापाला फरक पडत नाही, पण रंग आणि ओल लगेच दिसते. कोकोपीट दिसायला सुरेख आणि आर्द्रतेला चांगलं, पण त्यात युरेट हरवतो. नवा साप असेल तर पहिले तीन महिने कागदच. आर्द्रतेसाठी एका डब्याला भोक पाडून त्यात ओलं मॉस (शेवाळ) ठेवायचं.

---

नवखा_मिरज

नमुना कशात न्यायचा? कुठे?

---

खुर्दबीन

मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची निर्जंतुक डबी. ताजी विष्ठा हवी, वाळलेली निरुपयोगी. लाकडी काडीने कागदाला न टेकलेला भाग उचला, सुपारीएवढा पुरे. झाकण घट्ट, वर तारीख, वेळ, शेवटचं खाणं. लगेच नेता येत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात (फ्रीजरमध्ये नाही), आणि २४ तासांच्या आत पोचवा. सातारकरांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. जाण्याआधी फोन करून सापाचा नमुना तपासतील का ते विचारा. नुसतं "तपासा" म्हणू नका, "थेट स्मिअर आणि फ्लोटेशन" म्हणा. जंतांची अंडी आणि कोक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) त्यात दिसतात.

जंतांचं औषध मात्र मनाने देऊ नका. कुत्र्याची गोळी कुटून घालणारे महाभाग आहेत. मात्रा ग्रॅमवर ठरते आणि चुकली तर साप जातो. आणि हात साबणाने धुवा, साल्मोनेला धडधाकट सापाच्या विष्ठेतही असतो. डबा-भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासायची नाहीत, काटाही सापाचा वेगळा ठेवा.

---

हळदबाजार

ओकण्याबद्दल राहिलं. ग्रुपवर सर्वांत जास्त चुका इथे होतात: साप ओकला, "उपाशी आहे बिचारा" म्हणून दुसऱ्या दिवशी परत उंदीर.

---

कृष्णाकाठ

बरोबर, नीट लिहितो.

आधी दिवस मोजा. एक-दोन दिवसांत, जवळजवळ अख्खा उंदीर बाहेर आला तर कारण बहुधा हाताळणी, धक्का, टाकीजवळचा गोंधळ किंवा फार मोठा घास. चार-पाच दिवसांनी फुगलेला, हिरवट, सडका आला तर कारण बहुधा थंडी. फोटो काढा, वजन करा, वहीत "जेवणानंतर कितवा दिवस" हे लिहा. डॉक्टर हेच विचारणार.

मग टाकी पूर्ण साफ, ताजं पाणी, आणि किमान १० ते १४ दिवस काहीही खायला नाही. ओकताना जठरातला आम्ल अन्ननलिकेला भाजून जातो आणि पाचकरस वाया जातात. ते भरून यायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरा उंदीर गेला की तोही बाहेर येतो, आणि दुसऱ्यांदा ओकणारा साप पहिल्यापेक्षा खूप लवकर खंगतो. चौदा दिवसांनी पहिला घास नेहमीच्या निम्म्याचा. तो टिकला आणि विष्ठा झाली तर पुढचा पाऊण. मग पूर्ण.

लागोपाठ दोनदा ओकला, किंवा तापमान बिनचूक असताना ओकला, तर घरचे प्रयोग बंद.

---

खुर्दबीन

त्यात एक भर. वारंवार ओकणं, वजन उतरणं आणि शरीराच्या मध्यावर, जठराच्या जागी, न जाणारी सूज हे एकत्र दिसलं तर क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी डोक्यात ठेवा. साध्या फ्लोटेशनमध्ये तो सहज सुटतो, अ‍ॅसिड-फास्ट रंगाई किंवा पीसीआर लागते. जंतू विष्ठेत सतत पडत नाही, म्हणून एक नमुना स्वच्छ आला की सुटलो असं नाही, दोन-तीन वेळा द्यायचा. खात्रीचं औषध नाही. घरात दुसरे साप असतील तर चिमटा, भांडं, हुक सगळं वेगळं आणि संशयित साप शेवटी हाताळायचा. ब्लीचने हा मरत नाही. अमोनिया लागतो, आणि अमोनियात ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

---

सह्याद्रीचा_कडा

आणि कोठा जड असेल तर? कोमट पाण्यात बसवतात म्हणे.

---

अजिंक्यतारा

बसवतात. पसरट डबा, पाणी २८ ते ३० अंश, सापाच्या निम्म्या उंचीएवढं, झाकणाला भोकं, १५-२० मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही. बरेच साप पाण्यातच मोकळे होतात. पण दर रविवारी अंघोळ हा कार्यक्रम करू नका. ऊब २८ वरच अडकली असेल तर कितीही बुडवा, उपयोग शून्य.

---

वारणाकाठची

मी तर म्हणेन अंघोळ हा तिसरा उपाय. आधी ऊब, मग आर्द्रता आणि खाण्यात खंड. कोठा जड असताना पुढचा उंदीर देत राहणं ही खरी चूक, आणि वही नसेल तर ती कळतही नाही. सहा आठवडे विष्ठा नाही, मधे तीन उंदीर गेलेत, आणि शेपटीच्या मुळाआधी बोटाला कडक गोळा लागतोय, असं असेल तर दाबून काढायला जाऊ नका. आतडं फाटतं. खाद्यतेल, एरंडेल तोंडातून ओतणं तर नकोच, ते श्वासनलिकेत जातं.

जोर करताना लालसर मांस बाहेर आलं आणि आत गेलं नाही तर ते आतडं किंवा अवस्कराचं (मलमूत्राच्या सामाईक वाटेचं) अस्तर आहे. सलाइनने ओलं ठेवा, टाकीत फक्त ओला टिश्यू पेपर, आणि त्याच दिवशी डॉक्टर. वाळलं की ते मरतं.

---

हळदबाजार

लठ्ठपणाचा रकाना कुणीच सांगितला नाही. आपल्याकडे साप उपाशी मरत नाहीत, खाऊन फुगतात. आडवा छेद डोळ्यांपुढे आणा. वरून त्रिकोणी धार दिसली तर रोड, कडा गोलसर आणि कणा हाताला हलका लागतोय तर ठीक, कण्याच्या जागी खाच पडली आणि न वळतानाही खवल्यांमधली कातडी दिसली तर लठ्ठ. दर महिन्याला वरून एक फोटो, त्याच जागी, त्याच उंचीवरून.

(शिराळ्याकडचे पाहुणे आले की "दूध का देत नाही" हा प्रश्न ठरलेला. तहानलेला साप काहीही पितो. दूध त्याचं अन्न नाही, पचत नाही, पोट बिघडतं. पाहुण्यांना चहा द्या.)

---

नवखा_मिरज

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं: आमच्याकडे लाइट जाते, कधी चार-पाच तास. जेवणाच्या दिवशी गेली तर?

---

अजिंक्यतारा

हीट मॅट २०-३० वॉटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर आरामात निघते. सिरॅमिक दिवा ६० ते १०० वॉटचा, तो बॅटरी खातो. म्हणून मॅट आणि थर्मोस्टॅट दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर काचेच्या तिन्ही बाजूंना थर्माकोल, वरून घोंगडी (हवेची फट ठेवून), आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून, उबेच्या बाजूला. दोन तासांनी पाणी बदला. महावितरणचा दुरुस्तीचा मेसेज आला असेल तर त्या दिवशी उंदीर वितळवायलाच काढू नका. लाइट आल्यावर गनने बघा, ऊब किती खाली गेली आणि किती तास, ते वहीत त्या जेवणाच्या ओळीतच लिहा.